ट्रिनिडादचा फास्ट बोलर आणायला मी विमानतळावर गेलो तेव्हा

आता काय सांगू तुम्हाला! आधी चहाचे कप खाली ठेवा, मागच्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला होता.

तर मी नाशिकचा, रियाधच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात मेंटेनन्स इंजिनियर. पण माझा खरा हुद्दा म्हणजे आमच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन! रुबाब कसला डोंबलाचा? शेजारच्या पंपांच्या गोदामातली टीम, म्हणजे पंपवाले, दरवर्षी फायनलला आम्हाला धुऊन वाळत घालायचे.

अशात ऑफिसात कळलं, ट्रिनिडादहून केनेथ नावाचा सेफ्टी ऑफिसर येतोय. गुरुवारी संध्याकाळी. आणि फायनल शुक्रवारी!

"ट्रिनिडाद खंय इला?" आमचा सावंतवाडीचा वेल्डर इक्बाल म्हणाला.

"अरे, वेस्ट इंडीज! तिथली पोरं रांगताना रनअप घेतात. साडेसहा फुटी फास्ट बोलर येतोय, पंपवाले खलास!"

मी आपलं ठोकून दिलं. त्याच संध्याकाळपर्यंत ही थाप पंपवाल्यांच्या कानावर गेली आणि त्यांच्या ओपनरने हेल्मेट आणलं. आता माघार घेणार कशी?

केनेथच्या नावाची पाटी घेऊन मी विमानतळावर उभा. जो उंच माणूस दिसेल त्याच्या मागे धावतोय. "मिस्टर केनेथ?" एक सुदानी डॉक्टर, एक उंच सौदी... दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं.

शेजारी एक बुटके, गोल पोटाचे गृहस्थ बॅग घेऊन उभे. हुबेहूब सांगलीकडचे वाटावेत असे! मी म्हटलं, "भाईसाब, जरा ये पकडना, चाय लेके आता हूँ." आणि पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी हसून ती छातीशी धरली.

चहा घेऊन आलो, तरी पाटी तशीच!

"कोई आया क्या?"

ते इंग्रजीत म्हणाले, चाल लावल्यासारख्या सुरात, "माफ करा, मला हिंदी येत नाही. पण केनेथ मीच. पाहुण्याने आपली पाटी आपणच धरायची, अशी इथली रीत आहे का?"

धरणीमाते, पोटात घे!

गाडीत त्यांनी आपला देश सांगितला. त्यांचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यात राबायला भारतातून जहाजाने गेलेले. आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेल्यांची आणि भारतातून गेलेल्यांची पतवंडं आता एकाच शाळेत. कार्निव्हलला सगळे रस्त्यावर, दिवाळीला देशभर सुट्टी! आणि सकाळी टपरीवर 'डबल्स', म्हणजे दोन मऊ पुऱ्यांत मसालेदार चणे.

"आणि हिंदी?"

"ती आजीबरोबर गेली," ते म्हणाले.

मग मी धीर करून विचारलं, "आणि बोलिंग?"

"करतो की! पण फार हळू."

माझं ब्लड प्रेशर मात्र फास्ट झालं.

शुक्रवारी केनेथसाहेब गोल टोपी घालून मैदानात उतरले. पंपवाले पोट धरून हसले. ओपनरने तर हेल्मेट काढून फेकलं!

साहेबांनी बॉल असा सोडला, की तो पोचेपर्यंत माणसाने नाश्ता करून यावा. ओपनर पुढे धावला, बॅट फिरवली, आणि बॉल वळून मागे! आमच्या विकेटकीपर इक्बालने स्टंप उडवले. दुसरा तसाच गेला. तिसराही! पंपवाले हसायचे थांबले.

शेवटी त्यांची एकच विकेट उरली, आणि त्यांच्या कॅप्टनने एक बॉल उंच उडवला. खाली कोण? मी! सूर्य डोळ्यांत. डोळे मिटले, हात पुढे केले. छातीवर काहीतरी आपटलं आणि हातांत अडकलं.

जिंकलो! वर्षानुवर्षांची धुलाई भरून निघाली! इक्बालने केनेथना खांद्यावर घेतलं. "यल्ला, चला केनेथभाई!" पंपवाल्यांचा कॅप्टन स्वतः येऊन त्यांना बोलिंगची पकड विचारू लागला. साहेबांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, गॉगल माझ्या नाकावर चढवला, आणि आम्ही दोघांनी ट्रॉफी धरून फोटो काढला.

छाती फुगवून, 'ट्रिनिडादच्या बोलरसोबत' असं लिहून तो फोटो नाशिकला बायकोला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल.

"अहो, अभिनंदन! ट्रॉफी काय छान आहे! आणि ते डावीकडचे गोड काका आपल्या सांगलीकडचे ना?"

"अगं, तेच ट्रिनिडादचे!"

"इश्श, काहीतरीच! ट्रिनिडादचा तर तो उजवीकडचा, टोपी-गॉगलवाला. मला सगळं कळतं हो! बरं, पण तुम्ही कुठे आहात या फोटोत?"