वेणीमामांचा राग

वेणीमामांच्या रागाचा पहिला झटका रोज सकाळी आमच्या केसांना बसायचा. कुरकुंभच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून आले, की सायकल भिंतीला टेकवून ते लेकीला, नंदाला, ओट्यावर बसवत आणि तेल चोपडून तिच्या दोन घट्ट वेण्या घालत. नंदा रात्री शेजारी आमच्याच घरी झोपायची, त्यामुळे तिच्यामागे माझाही नंबर लागे. हाताला केमिकलचा वास आणि तोंडानं सुपरवायझरचा उद्धार चालू. राग वाढला की वेणी आवळली जाई. आमचे डोळे ताणले जायचे, पण शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नसे.

नंदा रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. तेव्हापासून गावाला एकच काम होतं, मामांचं दुसरं लग्न. स्वतःच्या पोरांची इयत्ता माहीत नसलेले लोक पारावर बसून त्यांना शिकवायचे, "बाईमाणसाबिगर पोर वाढत न्हाई." मामा भडकायचे. "मंग ही काय वाऱ्यावर वाढली व्हय?" या दीडशहाण्यांवर माझं डोकं अजून फिरतं. वेणी घालणारा बाप दिसला की त्यांना हसू फुटायचं. 'वेणीमामा' हे नावही त्यांनी चिडवायलाच ठेवलेलं. आम्ही पोरींनी ते प्रेमानं उचललं.

एकदा मामा आम्हा दोघींना दौंडच्या टॉकीजला घेऊन गेले. बायको नसलेल्या बापाचा विनोदी सिनेमा लागला होता. पडद्यावरचा बाप पोळी जाळायचा, पोरीला फ्रॉक उलटा घालायचा आणि टॉकीज खदखदून हसायचं. शेवटी त्यानं पोरीच्या शाळेतल्या बाईंशी लग्न केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा तडक दारावरच्या माणसाकडे गेले. "आवं, ह्यो बाप हाय का बुजगावणं? आन् पोरीसाठी जीव टाकतो म्हंतो, मंग लगीन सोताचंच कसं लावलं?"

"मामा, मी फकस्त तिकिटं फाडतो," तो बिचारा म्हणाला.

परतीच्या एसटीत मामांनी अख्ख्या गाडीला तो सिनेमा पुन्हा सांगितला, दुरुस्त करून. त्यांच्या सिनेमातल्या बापाला सगळा स्वयंपाक येत होता.

पुढं नंदाचं लग्न शिरूरच्या मुलाशी ठरलं. पोरीचं कन्यादान आपल्याच हातानं करायचं, एवढी एकच हौस मामांना होती. मांडवात मात्र भावकी पुढं सरसावली. कन्यादानाला जोडी लागते, तेव्हा थोरले भाऊ आणि वहिनी बसतील, असं परस्पर ठरवूनही टाकलं. नंदा तापानं फणफणली असताना जी वहिनी एकदाही फिरकली नाही, तिच्या हातून कन्यादान! भटजींनी मधला मार्ग काढला, "कमरेला सुपारी लावून बसा. पत्नीच्या जागी चालते."

मामा कडाडले, "तिची आई काय सुपारी व्हती? एकल्यानं वाढवलीया, एकलाच बसतो."

भटजींनी हात टेकले. मामा एकटेच पाटावर बसले. नवऱ्या मुलाच्या हातावर नंदाचा हात आणि त्यावर मामांचा. मंत्र झाले. भटजी म्हणाले, "आता हात काढून घ्या आणि पाणी सोडा. म्हणजे मुलगी दिली."

मामांनी हात काढला नाही. भटजींनी पुन्हा सांगितलं. मांडवात हशा पिकला. मामांचा चेहरा लालबुंद झाला.

"दिली न्हाई," ते म्हणाले. "लगीन लावून देतोय. पोरगी देत न्हाई."

थोरले भाऊ मागून खेकसले. नंदा खाली मान घालून रडत होती. तेवढ्यात नवरा मुलगाच हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हात, मामा. पाणी तिघांच्याबी हातावरनं जाऊ द्या."

तसंच झालं. भटजींनी वरून धार धरली आणि इतकी वर्षं नुसते भांडत आलेले मामा भर मांडवात लहान पोरासारखे रडले.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वेणीमामाला साधं कन्यादान जमलं नाही, असं गावात अजून हसत सांगतात. माझा संताप होतो. माझ्या लग्नात आई-वडील जोडीनं बसले होते, कुणाची काही हरकत नव्हती. वडिलांनी पाणी सोडलं, हात पुसले आणि पंगतीचं बघायला उठून गेले.