अण्णांचा सातवीतला आठवडा

सातवीत गणितात नापास मी झाले आणि बाकावर बसायची पाळी अण्णांवर आली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. साठ सालच्या आगेमागे शाळेत नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी नियम काढला: सहामाहीत जो नापास, त्याच्या पालकांनी आठवडाभर वर्गात येऊन पोराशेजारी बसायचं! म्हणे निकाल सुधारतो. चिठ्ठी मी दप्तराच्या तळाशी लपवून घरी नेली. अण्णांनी आधीच बजावलं होतं, "नापास झालीस तर शाळा बंद. घरी बसून काजं-बटणं करायची!"

चिठ्ठी वाचून ते गरजले, "सरी! ठीक आहे, येतो. मास्तरांनाच विचारतो, हिला शिकवून काही उपयोग आहे का ते!"

(झालं! मला हातात सुई दिसायला लागली.)

सोमवारी अण्णा कोट-टोपी चढवून माझ्याशेजारी शेवटच्या बाकावर बसले. गणिताचे नंजुंडय्या मास्तर छडी घेऊन आत आले. आणि ज्यांच्या नुसत्या खोकण्यानं आमचं घर चिडीचूप व्हायचं, ते अण्णा माझ्याआधी ताडकन उभे राहिले! मास्तर बोलत कन्नडात, पण घाबरायला भाषा कशाला लागते?

छडी माझ्याकडे वळली. "साडेसात वार कापड. एका झंपराला सव्वा वार. किती झंपर होतील?"

मी बाकाखाली बोटं मोजायला लागले. तेवढ्यात शेजारून कुजबुज आली, "पाच म्हण, पाच!"

हा माणूस वीस वर्षं झंपरंच शिवत होता हो! मी ठणकावून म्हटलं, "पाच!"

"चूक! सहा!"

"पाचच, मास्तर," अण्णांच्या तोंडून निघून गेलं. "कापड धुतल्यावर आटतं की! सहावं कुठून निघणार?"

वर्ग खो खो हसला. मास्तर लालबुंद! "वर्गात उत्तरं पुरवता? दोघंही बाहेर उभे राहा!"

व्हरांड्यात बाप-लेक भिंतीला टेकून उभे. जाता जाता शिपायानं विचारलं, "काय अण्णा, तुम्हीपण?" मी मनात म्हटलं, संपलं! एवढी बेअब्रू झाल्यावर कसली शाळा आणि कसलं काय!

अण्णा हळूच म्हणाले, "काय गं, रोज अशीच भीती वाटते तुला?"

"रोज."

"आणि तरी येतेस?"

मला रडूच फुटलं. अण्णांनी टोपी काढून घाम पुसला.

संध्याकाळी आईनं विचारलं, "मग? उद्यापासून हिला काजं शिकवू ना?"

"खबरदार!" अण्णा दचकलेच. "हिची शाळा बंद करायची नाही. अजून पाच दिवस जायचंय मला. त्या मास्तरांसमोर एकटा बसू होय?"

आठवडा संपला, तरी शाळा बंद करायचा विषय निघाला की ते म्हणत, "नको बाई, मास्तर चौकशीला घरी यायचे!"

अशानं मी मॅट्रिक झाले. आता लोक कौतुकानं विचारतात, "त्या काळात एवढं शिकलात कशा?" मी मान ताठ करून सांगते, "जिद्दीनं!" खरं म्हणजे घरात माझ्याहून घाबरट माणूस एकच होता, आणि त्याला सोबत हवी होती.