बसा की पाव्हणं

आमच्या सावेडीच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका मूळचे कर्जतचे. दारात कुणीही आलं तरी उंबऱ्यातच बोलून वाटेला लावतात. मला त्यांनी आजवर कधी ‘बसा’ म्हटलेलं नाही.

रविवारी ते दारासमोर मोटारसायकलच्या रिंगवर नवा टायर चढवत होते. एक बाजू लोखंडी टामीनं आत ढकलली की दुसरी बाहेर यायची. मी त्या बाजूवर पाय देऊन उभा राहिलो. काकांनी कडेला साबणाचं पाणी लावलं आणि टायरला थोपटत म्हणाले, “बसा की पाव्हणं. किती मानपान लागतो तुमाला? बसा.”

शेवटी टायर टप्पकन बसला. काकांचा चेहरा फुलला.

“बसलं बगा एकदाचं!” हात पुसत ते आत गेले आणि दार लोटून घेताना मला म्हणाले, “बरं, या मग तुमी.”