अण्णांनी चोळलेला गुडघा

"एसीएल पूर्ण तुटलंय," लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा पट्टा. तो आपोआप जुळत नाही.

मी घाटनांदूरजवळच्या खेड्यातली, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करणारी. परळीच्या सामन्यात पकडीतून सुटताना पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि आतून कट्कन आवाज आला.

आमची मेंढरं आहेत. जनावराचा मोडलेला पाय बसवण्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. त्यांनी तीन आठवडे रोज हळद-तेल लावून माझा गुडघा चोळला. सूज उतरली, पण पायरी उतरताना गुडघा निसटायचा. म्हणून आम्ही लातूर गाठलं.

अण्णांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "माझ्या चोळण्यानं तुटलं का ओ?"

पडली त्याच दिवशी तुटलंय, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांना ते पटलं नाही. त्यानंतर कुणी लंगडं जनावर घेऊन आलं की ते परत पाठवायचे.

ऑपरेशन झालं. खरं दुखणं पुढे होतं. फिजिओथेरपीसाठी मी अंबाजोगाईला जायचे. टाच चादरीवरून ओढत गुडघा वाकवायचा. तो काटकोनात यायलाच दीड महिना लागला. मांडी वाळून गेली होती. नऊ महिने मैदान नाही, असं फिजिओ मॅडमनी बजावलं होतं.

पाचव्या महिन्यात विद्यापीठाची निवड चाचणी आली. मॅडमनी परवानगी दिलीय, असं मी घरी सांगितलं. मॅडमना मी म्हणाले, पाहुण्यांकडं चाललेय. दुसऱ्याच चढाईत तोच आवाज आला. या वेळी मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादीही फाटली.

डॉक्टर रागावले नाहीत. "आता चालता यावं म्हणून ऑपरेशन करू," ते म्हणाले. "कबड्डी विसर."

वॉर्डात अण्णा उशाशी बसले होते. "मीच पयल्यांदा पाय बिघडवला. म्हणून पुना तुटला," ते म्हणाले.

मला ते ऐकवेना. "अण्णा, मॅडमनं न्हाईच म्हणलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "कावून खोटं बोललीस, माय? आधीच पाच महिनं मला माझे हात बघवंनात."

माझं मैदान गेलं त्याहून मला ते वाक्य जास्त लागलं.

दुसऱ्या ऑपरेशनला आता वर्ष झालंय. मी चालते, पळता येत नाही. संघातल्या पोरींचा सराव ऐकू आला की मी अजून वाट बदलते. अण्णा जनावरांच्या पायाला अजूनही हात लावत नाहीत. मी विषय काढत नाही.

तुमचा गुडघा असाच गेला असेल, तर फिजिओला सगळं खरं सांगा. आणि घरच्यांना त्याआधी सांगा. त्यांनी मनात काय धरलंय ते आपल्याला कळत नाही.

सकाळी मी व्यायाम करते तेव्हा अण्णा शेजारी बसून मोजतात. विसाच्या पुढे त्यांचा आकडा चुकतो. मग आम्ही दोघं पुन्हा एकपासून सुरू करतो.