नाईक सोपानने सांगितलेली भाषणं

१९५०च्या दशकात आमची पलटण काश्मीरमध्ये युद्धबंदी रेषेवर होती. डोंगरावरच्या आमच्या चौकीत, म्हणजे पिकेटवर, आम्ही मराठी पोरं, बॅटरीवरचा एक रेडिओ आणि नाईक सोपान. तो इंदापूर तालुक्यातल्या कळसचा, मी बारामतीचा. नीरेच्या कालव्याचं पाणी आमच्याकडे आधी यायचं. त्याच्याकडे उरलं तर. त्यावरून तो रोज मला टोमणे मारी. माझा त्याच्यावर फार जीव होता.

दिल्लीहून पुढाऱ्यांचं भाषण लागलं की सुभेदारसाहेब सगळ्यांना रेडिओभोवती बसवत. आमचं हिंदी कामापुरतं. ती जड भाषा डोक्यावरून जाई. मग सोपान समजावून सांगे. त्यालाही निम्मंच कळे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुढारी म्हनत्यात, देश म्हंजी कालवा हाय. वरच्यानं फोडला की खालच्याचं रान वाळतं. आन् आपल्या कळसचं नाव घेतलं बरं का!"

"कळसचं?" सुभेदारसाहेब विचारत.

"व्हय साहेब. खरखर हुती, तुमास्नी ऐकू आलं न्हाय."

प्रत्येक भाषणात कळस यायचंच. आम्ही पोट धरून हसायचो. पण खरं सांगतो, तोवर माझा देश बारामतीच्या बाजारापुढे जात नव्हता. त्यानंतर शेजारच्या पिकेटवर आपल्याच फौजेचे पंजाबी जवान दिसले, की वाटायचं, हेही आपल्याच कालव्यावरचे.

एका सकाळी समोरून गोळाबार सुरू झाला आणि खाली कंपनीकडे जाणारी टेलिफोनची तार तुटली.

"सोपान, लाइन."

"जी साहेब."

तो सरपटत उतारावर गेला. मी फोनपाशी बसलो. थोड्या वेळाने तार जोडून, सोबत नेलेल्या चाचणीच्या फोनवरून त्याचा आवाज आला.

"बारामतीकर, पानी आलं का?"

"आलं. माघारी ये बिगीनं."

"आदी खालच्याला सोड."

मी कंपनीला खबर दिली. त्यांच्या मॉर्टर तोफा बोलू लागल्या आणि आम्ही वाचलो. सोपान आला नाही. तो तारेपाशीच सापडला, हातात पक्कड तशीच.

सुट्टीत मी कळसला गेलो. त्याच आठवड्यात इंदापूरला एका पुढाऱ्याची सभा होती. सोपानच्या वडिलांना, आबांना, पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांना कमी ऐकू यायचं. पुढारी जवानांबद्दल चांगलं बोलला, पण नाव कुणाचंच घेतलं नाही.

परतताना बैलगाडीत आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काय म्हनला रं? माज्या सोपानचं नाव घेतलं का?"



"घेतलं, आबा," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो. "कळसचं बी घेतलं. म्हनला, देश म्हंजी कालवा हाय, आन् सोपाननं त्यो फुटू दिला न्हाय."

 आबा डोळे पुसत हसले.

"सुट्टीवर आला की सोपान बी असंच भाशन सांगायचा. दर टायमाला त्यात कळस असायचंच."

"तुमास्नी खरं वाटायचं?"

"न्हाय रं, लेका. पर सांग परत एकदा."

गाडी कळसच्या वेशीत शिरेपर्यंत मी सांगत राहिलो.