गच्चीवरचा बांगडा

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझा प्रबंध अर्धा लिहून झाला होता. नऊशे-हजार वर्षांपूर्वी सिसिली बेटावरची साधी माणसं काय खात होती, हा माझा विषय. तिथे आधी अरबांचं राज्य होतं, मग फ्रान्सकडचे नॉर्मन आले. राज्य बदललं म्हणून घरातलं जेवण बदललं का, हे मी खापरांत शोधत होते. झिलई नसलेल्या मडक्यात अन्न शिजवलं की त्यातली चरबी मातीत मुरते आणि शतकानुशतकं तिथे राहते. खापराची पूड तपासली की मांस शिजलं होतं की भाजीपाला, हे पुष्कळदा कळतं.

सिसिलीतल्या एका उत्खननात मी एक हंगाम काम केलं होतं. तिथल्या खापरांत मेंढीची चरबी सापडली, कोबीसारख्या पानांचं मेण सापडलं. मासा मात्र कुठेच नाही, आणि गाव तर समुद्रकाठी. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, नव्या मडक्यांत स्वतः शिजवून बघ, मग तुलना कर. म्हणून मी धारावीच्या कुंभारवाड्यातून तीन मडकी आणली. एकात रोज मटण, एकात कोबी, एकात बांगडा शिजवायचा. प्रयोगशाळेची तारीखही मिळाली होती.

त्याच सुमारास बाबा परळच्या हॉस्पिटलमधून घरी आले, नाकात नळी घेऊन. झटक्याने त्यांचं गिळणं गेलं होतं. घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. दर रविवारी मासळीबाजारात जाऊन बांगड्याचे कल्ले उघडून बघणारा माणूस, आता नळीतून पिवळसर पातळ पेज घेत होता. दोनदा त्यांनी नळी उपसून काढली. तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्या हातांना कापडी पिशव्या बांधल्या. बांधताना ते माझ्याकडे बघत राहिले.

आई आणि मी चोरून जेवायला लागलो. स्वयंपाकघराचं दार लावायचं, ओट्याशी उभं राहून कालवलेला भात पोटात ढकलायचा, तोंड खळखळून धुवायचं. फोडणी बंद झाली. पापड तर भाजलाच नाही, आवाज आणि वास दोन्ही बाहेर जातात म्हणून.

आणि मला रोज मटण, मासे शिजवायचे होते.

काळाचौकीतली आमची चाळ पाडून इमारत झाली, तेव्हा आम्हाला सगळ्यांत वरचा मजला मिळाला होता. मी गच्चीत शेगडी मांडली. बांगडा नुसता पाण्यात. मिरची, चिंच, कोकम, तिरफळ काहीच नाही. मीठही नाही, कारण मला फक्त चरबी तपासायची होती. खाली आले की आधी आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग बाबांच्या खोलीत जायचं. एवढं करूनही गच्चीवरचा वास त्यांच्या खिडकीतून आत येत असावा; एका संध्याकाळी ते जड जिभेने म्हणाले, "बांगडो?"

मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतला हात तोंडाकडे नेला.

त्यानंतर रोज ते मागायचे. आधी बोलून, मग नुसत्या नजरेने, मग रडून. गिळण्याचे व्यायाम करवून घेणारी ताई यायची, मान अशी धरा, जीभ तशी दाबा. काही सुधारत नव्हतं. मी मार्गदर्शक बाईंना फोन करून सांगितलं, मला हे नाही जमणार, मी प्रबंध सोडते. त्या म्हणाल्या की तारीख पुढे ढकलता येईल. पण आईने मला थांबू दिलं नाही. "तू वर नाही गेलीस, बांगड्याचा वास थांबला, तर ते समजतील, की आता आशाच उरली नाही," ती म्हणाली. म्हणून मी गच्चीवर जात राहिले. शेगडीपुढे बसून रडायचे, धुराचं निमित्त आयतंच होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गिळणं परत येणार नाही. मी विचारलं, मग चव तरी? ते म्हणाले, कापसाचा बोळा बुडवून घट्ट पिळा आणि जिभेला नुसता लावा. धोका तसाही आहेच.

मी बांगड्याच्या मडक्यातलं पाणी वाटीत आणलं. आईने बोळा पिळला आणि त्यांच्या जिभेवरून फिरवला. बाबांनी डोळे मिटले. जीभ टाळूला लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अळणी," ते म्हणाले.

आई हसली आणि हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती वेगळ्या भांड्यात त्यांच्यासाठी मीठ, तिरफळ, कोकम घालून सार करायची. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून. नळी चालूच होती, पण काही दिवस तो बोळा हेच त्यांचं जेवण होतं. मग छातीत कफ भरला, ताप चढला, आणि ते हॉस्पिटलमधून परत आले नाहीत. बोळ्यामुळे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांची स्वतःची लाळच आत उतरत होती, असं ते म्हणाले. माझा त्यावर कधी विश्वास बसतो, कधी नाही.

बाबांचं दिवसकार्य झाल्यावर मी तिन्ही मडकी गच्चीत हातोडीने फोडली, तुकडे पिशव्यांत भरले आणि प्रयोगशाळेत पाठवून दिले.

निकाल आला. मटण स्पष्ट होतं, कोबीही. बांगड्याच्या मडक्यात मात्र ओळखू येईल असं जवळजवळ काहीच नव्हतं. माशाची चरबी नाजूक असते, लवकर विरते. म्हणजे सिसिलीची ती माणसं मासे खात नव्हती, असं मला लिहिता येणार नव्हतं. बाई म्हणाल्या, प्रबंधाला ही मोठीच मदत झाली.

आईने विचारलं, काय आलं? मी सांगितलं, "बांगडा दिसला नाही."

"असं कसं?" ती म्हणाली. "रोज तर शिजत होता."

मी तिला चरबीचं, विरण्याचं समजावून सांगायला लागले. तिने थोडं ऐकलं आणि मग उठून बाबांच्या खोलीची अजून उघडीच असलेली खिडकी लावायला गेली.