आमच्याकडं कागद न्हाई

"तुमी तिकडं चपलांपाशी बसा. कागदांना धूळ लागायलीय."

पाटलांची सून माझ्या मायला असं म्हणाली. गावच्या शाळेत, सगळ्यांसमोर. माय उठली, पदर सावरला आणि दारात चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसली. मी बघत राहिले. बी.ए. झालेली असून.

आमचं गाव जिंतूरकडच्या डोंगरातल्या खोऱ्यात. आमी मेंढरंवाले. त्या दिवशी शहरातून कॉलेजचे एक सर आले होते. खोऱ्यातले घराघरातले जुने कागद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जपायच्या, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं होतं. आठवणी पण पाहिजेत, म्हणून मी मायला आणलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

टेबलावर पाटलांची पेटी उघडी. मोडीतले कागद, निजामाच्या काळातल्या उर्दू सनदा. सर एकेक कागद तान्ह्या लेकरासारखा उचलत होते. पाटलांची नात, शाळेत माझ्याच वर्गात असलेली, बोट ठेवून सांगत होती, "हे माझे पणजोबा. हे त्यांचे वडील."

मला हेवा वाटला. तिच्या सोन्याचा, तिच्या स्कूटीचा एवढा कधी वाटला नव्हता. तिला तिची मेलेली माणसं नावानिशी ठाऊक होती. माझा पणजा कोण? आमच्या घरात सगळ्यात जुना कागद म्हणजे माझा शाळेचा दाखला. वाटलं, ती पेटी पेटवून द्यावी. मग वाटलं, त्याच घरात जन्मायला पाहिजे होतं. हे दुसरं जास्त झोंबलं.

मी सरांना म्हणले, "मायला लय आठवतंय. तिचं बी लिहून घ्या."

"कागद आहे का काही?"

"न्हाई."

पाटील खुर्चीतूनच बोलले, "यांचा कसला इतिहास? मेंढरांमागं चालले, मेले."

लोक हसले. सरही हसले. मग म्हणाले, "मेंढ्यांसोबत काकूंचा एक फोटो घेऊ. पुस्तकात छान दिसेल."

माय खूश झाली. हातानं केस चापून बसवायला लागली. तेच मला सोसलं न्हाई. मी मधी जाऊन उभी राहिले.

"आधी नाव लिहा. तिचं ऐका. न्हाईतर फोटो न्हाई."

"पोरीला शिकल्याचा माज आलाय," पाटील म्हणाले.

"आलाय," मी म्हणले आणि मायचा हात धरून निघाले.

वाटेत माय माझ्यावरच चिडली. "फोटो तरी राह्यला असता माझा."

मी तिला बांधावर बसवलं. मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं. म्हणले, "सांग."

तिनं आधी मोबाइल हातात घेऊन उलटापालटा बघितला. मग म्हणाली, "तुझ्याआधी एक पोरगी व्हती. मेंढरं घिऊन चुडाव्याच्या ठेसनाकडं गेलो, तवा तापानं गेली. रुळाच्या पल्याड पुरली. रुक्मा नाव ठेवलं व्हतं."

मला थोरली बहीण होती. इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा न्हाई.

तेव्हापासून मी मेंढरंवाल्यांच्या मुक्कामाच्या तळातळावर जाते. बाया बोलतात, मी रेकॉर्ड करते. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. हे सगळं त्यांना पाहिजे होतं, खोऱ्याच्या नावाखाली निघालेल्या पाटील घराण्याच्या पुस्तकाला पुरवणी म्हणून.

मी न्हाई म्हणले.

हेवा अजून हाय. पाटलांच्या दारावरून जाताना पोट जळतं. जळू दे. आमी कुणाच्या पुरवणीत बसणार न्हाई. आमच्या माणसांचं आमच्या नावानं छापीन. तसं छापता आलं न्हाई, तर कुणाच्याच हाती देणार न्हाई.